मावशीशिवाय

शाळेत ती मावशी म्हणून आली आणि मावशी म्हणूनच राहिली. त्याआधी ती एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखात्यात होती. दिवसभर वाफेत उभं राहायचं, एका यंत्रातून चादरी काढून दुसऱ्यात कोंबायच्या आणि संध्याकाळी सुरकुतलेली बोटं घेऊन भावाच्या घरी परतायचं. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, मूलबाळ नव्हतं. भाऊ-वहिनीने तिला ठेवून घेतलं. त्यांची दोन्ही मुलं तिच्याच मांडीवर वाढली, आणि ती आपापल्या वाटेला लागली तेव्हा तिचे हात एकदम रिकामे झाले. त्याच सुमारास इस्पितळाने कपडे बाहेर धुवायला द्यायचं ठरवलं. नोकरीही गेली. वहिनीनेच बातमी आणली, की मागच्या रस्त्यावरच्या शाळेत एका मुलीजवळ बसायला बाई हवी आहे.

"बसायला? नुसतं बसायला कोण कशाला ठेवेल?"

"ठेवावंच लागतंय म्हणे, कायद्यानं," वहिनी म्हणाली. "मुलीची आई शाळेशी भांडली. आणि जिंकली."

ती मुलगी म्हणजे लवंगी. जन्माच्या वेळी घोळ झाला, मेंदूला प्राणवायू कमी पडला. पायात जोर नाही, उजवा हात छातीशी आखडलेला, डाव्या हाताचं एक बोट तेवढं सांगितलेलं ऐकायचं. बोलणं असं, की तोंडात कापूस ठेवून कुणी बोलतंय. पण डोकं लख्ख आणि राग नाकाच्या शेंड्यावर. म्हणून बापाने नाव पाडलं लवंगी. बाप मोठ्या मालट्रकवर होता, महिन्यातले थोडेच दिवस घरी असायचा. आई चष्म्याच्या दुकानात कामाला. गिऱ्हाईक आरशात तोंड बघण्यात गुंगलं की ती काउंटरखालचं कायद्याचं पुस्तक उघडायची, आणि एकेक कलम तिने असं घोटून घोटून वाचलं होतं.

शाळेच्या हेडबाई तिला आधी गोड बोलून वाटेला लावायला बघत होत्या. आमच्याकडे सोय नाही हो, अशा मुलांची वेगळी शाळा आहे, तिथं ती रमेल. लवंगीच्या आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सोय नाही म्हणून प्रवेश नाही, असं कायदा म्हणत नाही. प्रवेश द्या आणि सोय करा, असं म्हणतो." प्रत्येक अशा मुलाचा एक आराखडा करायचा. त्याला कोणती मदत, किती, कोण देणार हे त्यात लिहायचं. दर वर्षी सगळ्यांनी बसून तो तपासायचा. पटलं नाही तर आईबापांनी सुनावणी मागायची. हे सगळं तिला तोंडपाठ होतं. हेडबाईंना ते तिच्याकडूनच शिकावं लागलं, आणि ही गोष्ट त्यांनी तिला कधी माफ केली नाही.

पहिल्या दिवशी मावशी वर्गाच्या दारात उभी राहिली तेव्हा लवंगीने तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि काहीतरी विचारलं. मावशीला ओ की ठो कळलं नाही.

"विचारतेय, तुम्ही मारता का?" आई म्हणाली.

"नाही गं बाई," मावशी म्हणाली. "चादरींशिवाय कुणाला आपटलं नाही मी आजवर."

लवंगी खदखदून हसली. हसताना तिचं सगळं अंग ताठ व्हायचं आणि चाकाच्या खुर्चीचे पट्टे करकरायचे. मावशीचं काळीज तिथंच विरघळलं.

मग मावशीने जिवाचं रान केलं. लवंगीच्या डेस्कला लागून तिची खुर्ची. पाणी कोणत्या कोनातून पाजायचं म्हणजे ठसका लागत नाही, स्वच्छतागृहात नेताना कुठे हात घालून उचलायचं, कंटाळल्यावर तिची मान कशी डावीकडे कलते, हे सगळं ती काही दिवसांत शिकली. तिचं बोलणंही शिकली. आधी नुसते सूर कळायला लागले, मग शब्द, आणि वर्ष सरायच्या आत ती लवंगीचं वाक्य अर्ध्यावरच उचलून पुरं करायला लागली. शब्दाच्या मधला 'व' लवंगीला म्हणता यायचा नाही. 'मावशी'चं 'माशी' व्हायचं. बाप घरी आला की हसून म्हणायचा, "आमची लेक नाकावर माशी बसू देत नाही, पण खांद्यावर बसलेली तिला चालते."

मावशीला हे फार आवडायचं. कुणाला तरी आपण सकाळपासून संध्याकाळपर्यंत लागतो, ही गोष्ट तिच्या वाट्याला पुन्हा येईल असं तिला वाटलं नव्हतं.

वर्गातल्या बाईंनाही हायसं वाटलं. त्यांना लवंगीला काही विचारायचं असलं की त्या मावशीकडे बघून विचारायच्या, "मावशी, तिला भागाकार समजला का?" मुलं यायची, "मावशी, लवंगीला तांबडा रंग हवाय का?" मावशी लवंगीच्या तोंडाकडे एक नजर टाकायची आणि उत्तर द्यायची. उत्तर बहुतेक वेळा बरोबरच असायचं. चित्रकलेच्या तासाला ती लवंगीचा हात आपल्या हातात धरून रेघ ओढायची आणि रेघ सरळ यायची. खेळाच्या सुट्टीत गर्दीत कुणाचा धक्का लागायला नको म्हणून ती खुर्ची झाडाखाली घेऊन जायची आणि दोघी तिथं गप्पा मारत बसायच्या. येणारे-जाणारे म्हणायचे, काय जीव लावलाय बाईनं.

लवंगी चौथीत गेली तेव्हा शाळेत एक नवी बाई यायला लागली. मुलांचं बोलणं सुधारणारी, म्हणून सगळे तिला स्पीचवाली म्हणायचे. तरुण होती, सदा घाईत, पण वर्गात मागे बसून ती दोन-तीन दिवस नुसती बघत राहिली. मग तिने एक पाटी आणली. काचेची, सपाट, तिच्यावर चित्रं आणि अक्षरं. बोट ठेवलं की पाटी बोलायची. लवंगीने त्या एका बोटाने चाचपडत चाचपडत पहिल्यांदा लिहिलं, 'भूक'. पाटी रुक्ष आवाजात म्हणाली, "भूक."

"अगं, ते मला केव्हाच कळलंय," मावशी म्हणाली आणि केळं सोलायला घेतलं.

स्पीचवाली तिला बाजूला घेऊन म्हणाली, "मावशी, थोडं थांबायचं. तिचं बोट पोचेपर्यंत थांबायचं."

"पोरगी भुकेनं कळवळतेय आणि मी बोट बघत बसू?"

त्या वर्षीच्या आराखड्याच्या बैठकीत स्पीचवालीने सांगितलं, की मुलीला खाणं-पिणं, उचल-ठेव यासाठी माणूस हवंच, पण पूर्ण वेळ शेजारी बसायला नको. वर्गातली मुलं तिच्याशी बोलत नाहीत, मावशीशी बोलतात. मावशीची खुर्ची मागे घ्या, पाटी पुढे ठेवा. हे ऐकून हेडबाईंचा चेहरा असा उजळला, की लवंगीच्या आईला संशय आला. आणि तो खोटाही नव्हता. हेडबाईंना मावशी अर्धा वेळ कार्यालयात हवी होती, तिथली बाई सोडून गेली होती. आईने सही करायला नकार दिला आणि सुनावणी मागितली.

"तुम्ही बोलाल ना मावशी?" तिने विचारलं.

"बोलेन म्हणजे? बघाच तुम्ही ताई."

सुनावणीची खोली लांबट, पडदे ओढलेले, टेबलावर पाण्याचे पालथे पेले. सुनावणी अधिकारी सर्दीने बेजार झालेला एक गृहस्थ होता. स्पीचवालीने आपलं म्हणणं मांडलं, कायद्यातलंच कलम सांगितलं, की मदत अशी असावी जिच्यामुळे मूल इतर मुलांत मिसळेल, तुटणार नाही. तिचं बोलून झालं तेव्हा लवंगी एकाएकी काहीतरी बोलली. लांबलचक बोलली, मान वेळावत. सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले.

"काय म्हणाली कुणी सांगेल?" मावशीने उभं राहून विचारलं. हेडबाई गप्प. वर्गातल्या बाई गप्प. स्पीचवाली कागद चाळत राहिली.

"म्हणतेय, साहेबांच्या कोटाला मागून धुलाईची चिठ्ठी लटकतेय, आणि मघापासून तिला ती ओढावीशी वाटतेय."

अधिकाऱ्याने मान मागे वळवली, हात घातला, चिठ्ठी निघाली. सगळी खोली हसली, लवंगी सगळ्यांत मोठ्याने. अधिकारी नाक पुसत म्हणाला, "या बाईंना तुम्ही अर्धा वेळ करणार?"

निकाल तिथंच लागल्यासारखा होता. पूर्ण वेळ मावशी. लवंगीच्या आईने बाहेरच्या व्हरांड्यात तिला मिठी मारली. स्पीचवाली जवळून जाताना थांबली. रागावलेली नव्हती.

"मावशी, तुम्हाला तिचं सगळं कळतं हे मी कधी नाही म्हटलं? दुसऱ्या कुणाला कळायची गरजच पडत नाही, एवढंच म्हणत होते."

"जळफळाट नुसता," मावशी वहिनीला घरी म्हणाली. वहिनीने मान डोलावली. पुढच्या वर्षी स्पीचवाली दुसऱ्या शाळेत गेली आणि पाटी कपाटात.

लवंगी मोठी झाली. वरच्या वर्गात गेली, तेव्हा मावशीलाही आराखड्यात तिच्यामागे वर सरकवलं गेलं. आता लवंगीचा चेहरा लांबट झाला होता, कपाळावर पुटकुळ्या आल्या होत्या, आणि ती झाडाखालच्या गप्पांत पूर्वीसारखी रंगत नव्हती. मुली घोळक्याने जायच्या-यायच्या, एकमेकींच्या कानाला लागायच्या, आणि लवंगी त्यांच्याकडे बघत राहायची. मावशी विचारायची, "काय गं, जायचंय तिकडं? नेऊ?" लवंगी मान हलवून नाही म्हणायची. मावशीला वाटायचं, नको तर नको. वयच तसलं.

त्या वर्षी मावशी भावाच्या घराच्या जिन्यात पाय घसरून पडली आणि घोट्याचं हाड मोडलं. बरेच दिवस प्लास्टरमध्ये काढावे लागले. शाळेला दुसरी बाई मिळेना. लवंगीची आई हेडबाईंना धारेवर धरत होती, कायद्याची कलमं ऐकवत होती. घरी पाय उशीवर ठेवून मावशीचा जीव टांगणीला लागलेला. पोरीला पाणी कोण पाजत असेल, तिचं बोलणं कुणाला कळत असेल. वहिनी म्हणायची, "अहो वन्सं, शाळेत माणसंच आहेत, वाघ-सिंह नाहीत."

प्लास्टर निघाल्यावर मावशी काठी टेकत शाळेत गेली. वर्गाच्या दाराला वरच्या बाजूला काच होती. तिने आत पाहिलं. तिच्या खुर्चीत एक लांबलचक मुलगी बसली होती. हिला सगळे जिराफ म्हणायचे, नवीनच आली होती, कपाटात काय काय आहे हे धुंडाळायची तिला खोड होती. लवंगीच्या पुढ्यात ती बोलकी पाटी होती. आणखी दोघी-तिघी मुली डेस्कवर वाकलेल्या. लवंगीचं बोट सरकत होतं, थांबत होतं, चुकत होतं. मुली वाट बघत होत्या. एकजण तेवढ्यात नखं खात होती, पण हललेली नव्हती. मग पाटी आपल्या त्या रुक्ष आवाजात म्हणाली, "भूगोलाच्या बाई पावसाळी ढगासारख्या गडगडतात आणि पडत काहीच नाही."

मुली हसून हसून लोळायच्या बेतात आल्या. जिराफने लवंगीच्या दंडावर एक चापट मारली. लवंगी ताठ होऊन हसत होती आणि तिच्या तोंडातून लाळ गळत होती. कुणी ती पुसत नव्हतं आणि त्याचं कुणाला काही वाटतही नव्हतं.

मावशी आत गेली. "लवंगेऽ" म्हणाली आणि पदराने तिचं तोंड पुसलं.

जिराफ खुर्चीतून उठली. मुली "मावशी, पाय बरा झाला का?" असं नीट, शहाण्यासारखं विचारून आपापल्या जागी गेल्या. लवंगीने मावशीकडे पाहिलं आणि ती हसली, पण ते हसणं पाहुण्यांपुढे हसतात तसं होतं. मावशी आपल्या खुर्चीत बसली. खुर्ची कोमट होती.

त्यानंतरच्या दिवसांत मावशीने मुद्दाम वाईट असं काही केलं नाही. पण पाटी चार्ज करायला ती विसरायची. जिराफ आली की तिच्या प्रश्नाचं उत्तर मावशीच्या तोंडून लवंगीच्या आधी निघून जायचं. मुलींच्या देखत ती लवंगीला घास भरवायची, हनुवटी टिपायची, आणि लवंगी मान झटक्याने फिरवायची. "डोक्यावर बसलीय आता," मावशी म्हणायची. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र तिला ती काचेतून दिसलेली पोर आठवायची, आणि ती कूस बदलायची.

वर्षाची आराखड्याची बैठक आली. लवंगीचं आता ते वय झालं होतं, की कायद्याने तिला स्वतःला बैठकीत बसवून तिचं म्हणणं विचारावं लागत होतं. आई तापाने फणफणली होती. बैठक पुढे ढकलता आली असती, पण बाप नेमका घरी होता. आई त्याला म्हणाली, "तुम्ही जा. मावशी आहेत तिथं. त्या काय नि मी काय." बाप बिचारा बैठकीला पहिल्यांदाच येत होता. तो खुर्चीच्या टोकावर बसला. लेकीचं बोलणं त्याला फारसं कळायचं नाही, वर्षातले निम्मे दिवस तो रस्त्यावर असायचा. पाटी वर्गात राहिली होती. आणायची मावशीने होती.

बैठक चालवायला शिक्षण खात्याच्या एक बाई आल्या होत्या. त्या सरळ लवंगीकडे वळून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तुला काय मदत हवी, तू सांग."

इतक्या वर्षांत बैठकीत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. लवंगीने तोंडाची जुळवाजुळव केली आणि तिला येईल तितकं स्वच्छ म्हणाली, "माशी वर्गात नको."

खात्याच्या बाईंनी मावशीकडे पाहिलं. "काय म्हणाली?"

मावशीच्या कानांनी ते ऐकलं होतं, जसंच्या तसं, प्रत्येक अक्षर. आणि तिचं तोंड म्हणालं, "म्हणतेय, मावशीशिवाय वर्गात नको."

एवढासा शब्द. तो तिने पदरचा घातला.

"असं म्हणतेस होय?" बाप लवंगीकडे बघून हसला. खात्याच्या बाईंनी लिहून घेतलं. लवंगी मोठ्याने काहीतरी ओरडली, पुन्हा ओरडली, आखडलेला हात टेबलावर आपटला. "दमलीय ती," हेडबाई म्हणाल्या. मावशीने खुर्चीचा ब्रेक सोडला आणि तिला बाहेर नेलं. व्हरांड्यात लवंगीचा आवाज बंद झाला. मावशीने पुढे वाकून पाहिलं. लवंगी रडत नव्हती. ती मावशीकडे अशी बघत होती, जसं पहिल्या दिवशी पाहिलं होतं, खालपासून वरपर्यंत.

दोन दिवस मावशी तापाचं निमित्त करून घरी राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी लवंगीची आई भावाच्या घरी आली. ताप नुकताच उतरलेला, चेहरा ओढलेला. वहिनीने तिला खुर्ची दिली आणि ती आतल्या खोलीत गेली.

"मावशी, ती बैठकीत काय म्हणाली?"

मावशीने खोटं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "माशी वर्गात नको, म्हणाली."

आई टेबलाच्या कडेला अंगठा घासत राहिली. मावशी शिव्या खायच्या तयारीने बसली होती. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला तिने घरी सांगितलं, तर मी तिलाच रागावले," आई म्हणाली. "म्हटलं मावशी कशाला असं करतील. तुझंच काहीतरी चुकलं असेल. माझ्या पोटच्या पोरीपेक्षा मी तुमच्यावर विश्वास ठेवला." मग म्हणाली, "त्या स्पीचवालीचं आपण ऐकायला हवं होतं. मला फक्त हेडबाईंना हरवायचं होतं."

"ताई, कोटाच्या चिठ्ठीचं मी खरं तेच सांगितलं होतं..."

"राहू द्या ते. बैठक पुन्हा बोलवायची आहे. मागणी तिने स्वतः केलीय, पाटीवर लिहून. आम्ही नुसती पाठवली."

दुसऱ्या बैठकीत पाटी होती. जिराफने ती चार्ज करून आणून ठेवली होती. तेच टेबल, त्याच खात्याच्या बाई, आई आणि हेडबाई. मावशी भिंतीजवळच्या खुर्चीत. लवंगीने बोट उचललं आणि एकेक अक्षर लावायला घेतलं. बोट थरथरायचं, शेजारच्या अक्षरावर पडायचं, ते पुसायचं, पुन्हा पहिल्यापासून. हेडबाई घड्याळाकडे बघत होत्या. मावशीला अर्ध्यावरच वाक्य कळलं होतं. ते तिच्या जिभेवर आलं होतं, आणि तिने जीभ दातांखाली धरून ठेवली. आयुष्यात पहिल्यांदाच ती लवंगीसाठी थांबली.

पाटी म्हणाली, "मावशी बाहेर बसेल. मी बोलावलं की आत येईल."

खात्याच्या बाईंनी विचारलं, "का, ते सांगायचंय तुला?"

पुन्हा बोट. पुन्हा तो वेळ.

"ती माझ्या आधी बोलते."

मावशीने मान डोलावली. खरं होतं, त्यात हरकत घेण्यासारखं काही नव्हतं.

मग व्हरांड्यातल्या बाकावर मावशीची बैठक ठरली. खाण्याच्या वेळी, स्वच्छतागृहाच्या वेळी लवंगी जिराफला पाठवायची आणि मावशी आत जायची. काम झालं की बाहेर. लवंगी तिच्याशी वाईट वागली नाही. "थँक यू" म्हणायची. पूर्वी कधी म्हणत नव्हती. आतून हसण्याचा आवाज यायचा तेव्हा मावशी उठून आत डोकावायची नाही. पुढच्या वर्षी शाळेने तिला लहान मुलांच्या वर्गात दिलं. तिथं एक कमी ऐकू येणारी मुलगी होती. मावशी तिच्या मागच्या रांगेत बसायची. कुणी येऊन "मावशी, हिला खेळायचंय का?" असं विचारलं, की ती म्हणायची, "मला काय विचारतोस? तिला विचार. आणि तोंड तिच्याकडे करून विचार." वर्गातल्या बाईंना वाटायचं, ही बाई जरा आळशीच आहे.

शाळेत अशी मुलं असलेल्या आया तिच्याकडे यायच्या. सुनावणी जिंकून देणारी मावशी म्हणून तिचं नाव झालं होतं. "आमच्यासाठी पण बोला ना, पूर्ण वेळ माणूस मिळवून द्या." मावशी म्हणायची, "माणूस मागा. हक्काचा आहे, सोडू नका. पण त्याची खुर्ची कुठे ठेवायची तेही आराखड्यात लिहून घ्या." हे काय बोलणं, असं म्हणून आया निघून जायच्या. काही जणींनी लिहून घेतलंही असेल. तिला कधी कळलं नाही.

लवंगी शाळेतून गेली, पुढे शिकली, एका कार्यालयात कामाला लागली. तिथं ती लोकांच्या तक्रारी वाचून त्यांना उत्तरं लिहिते, त्या एका बोटाने. मावशी निवृत्त झाली. एकदा बसथांब्यावर दोघींची गाठ पडली. लवंगी आता मोटार लावलेल्या खुर्चीत होती, एकटी होती, केस कापलेले. पाटी आता लहानशी झाली होती, तिचा आवाजही बाईमाणसाचा होता. दोघींनी घरच्यांची विचारपूस केली. जिराफ कुठल्याशा गावी शिक्षिका झालीय, बापाने ट्रक सोडला, आईला अजून कुणी ना कुणी पालक सल्ला विचारायला येतात. मावशी प्रत्येक वाक्य पाटीवरून येईपर्यंत थांबली. एक बस आली आणि गेली. दोघी चढल्या नाहीत.

मग लवंगीने लिहिलं, "त्या बैठकीचं मी केव्हाच विसरले. तुझं वय झालंय, तू पण विसर."

मावशीला रडू यायला लागलं. पण लवंगीचं बोट अजून चालू होतं. पाटी म्हणाली, "लहानपणी मी फार लाजरी होते ना? पहिली-दुसरीतली एकही मैत्रीण मला आठवत नाही."

मावशीचं रडू जागच्या जागी थांबलं. बैठकीतल्या त्या शब्दाबद्दल ती कितीदा मनात माफी मागून बसली होती. पण एकटेपणाच्या त्या पहिल्या वर्षांबद्दल लवंगीला काही माहीतच नव्हतं. तिने ती आपल्याच स्वभावाच्या खात्यावर टाकून दिली होती.

"लाजरी?" मावशी म्हणाली. "तू? पहिल्या दिवशी मला मारता का म्हणून विचारणारी? तू लाजरी नव्हतीस गं. पोरं यायची तुझ्याकडं. मी मध्ये बसलेली असायचे."

लवंगी तिच्याकडे बघत राहिली.

"एक मुलगी काड्यापेटीत गोगलगाय घेऊन आली होती," मावशी म्हणाली. "तुला दाखवायला. मी म्हटलं, शी, घाण, घेऊन जा. तू हात पुढं केला होतास. आणखी एक होती, तिला तुझी खुर्ची ढकलायची असायची. रोज विचारायची. मी म्हणायचे, पाडशील. मग यायची बंद झाली."

आणखी एक बस आली. मावशी बोलत राहिली, एकेक आठवून. कुणी तुझ्या पायावर फुलं काढायची म्हणत होतं. कुणी वाढदिवसाला बोलवायला आलं होतं, तर मी म्हटलं होतं, तिला जिने चढवत नाहीत. लवंगी ऐकत होती. तिची मान डावीकडे कलली नव्हती.

शेवटी तिने लिहिलं. मावशी थांबली.

"त्या गोगलगायवालीचं नाव काय होतं?"

मावशीने खूप आठवून पाहिलं. दोन्ही खांद्यांवर लोंबणारी ओली मफलरची टोकं आठवत होती, काड्यापेटीवरचं चित्र आठवत होतं, पोरीचा उतरलेला चेहरा आठवत होता.

"नाही गं," ती म्हणाली. "नाव मी विचारलंच नव्हतं."